बेळगावच्या कॅम्पाजवळ भाड्याला द्यायचं पहिलं घर घेताना

पैसे, बँक, मुहूर्त तुमचं तुम्ही बघालच. पहिलं काम म्हणजे घर कुणाच्या हद्दीत येतं ते विचारा. एजंटाला नव्हे, कागदाला. कॅम्प, हिंडलगा, गणेशपूर या पट्ट्यात कॅन्टोन्मेंट बोर्ड, महानगरपालिका आणि ग्रामपंचायत एकमेकींना खेटून आहेत. १९५६ पासून आपण सीमेसाठी भांडतोय, आणि घर घेताना घरपट्टी कुठं भरायची हेसुद्धा विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, म्हणून एवढं ओरडून सांगतोय.

पंचायतीची हद्द असेल तर फॉर्म ९ आणि ११, म्हणजे पंचायतीचे मालमत्तेचे उतारे मागा. महापालिकेची असेल तर ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा, आणि तो ए आहे की बी (नियमात न बसणारी मालमत्ता) तेही बघा. बी खात्यावर कर्ज द्यायला बँका नाकं मुरडतात. कॅन्टोन्मेंटचं प्रकरणच वेगळं. तिथले कित्येक जुने बंगले ‘ओल्ड ग्रँट’वर आहेत, जमीन केंद्र सरकारची, तुमच्या वाट्याला फक्त भिंती आणि छप्पर. जीएलआरचा, म्हणजे कॅन्टोन्मेंटच्या जमीन रजिस्टरचा उतारा हातात येईपर्यंत टोकन देऊ नका. ‘आजोबांपासून इथंच राहतोय की’ हा पुरावा नाही. हद्द, मग कागद, मग भाव. उलटं करू नका.

आता भाडेकरू. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला इतकी पोरं ट्रेनिंगला येतात, घर रिकामं कसं राहील, असं एजंट सांगेल. ती पोरं बराकीत राहतात! सांबऱ्याच्या एअरमन ट्रेनिंग स्कूलचंही तेच. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे बायकामुलांना घेऊन आलेला हवालदार, सुभेदार किंवा इन्स्ट्रक्टर, तोही क्वार्टर मिळेपर्यंतच. केंद्र सरकारच्या शहरांच्या वर्गवारीत बेळगाव ‘वाय’ वर्गात आहे, घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या २० टक्के. भाडं त्याच्या फार वर सांगितलं तर तो पुढच्या गल्लीत जातो. क्वार्टर मिळालं की भत्ता बंद आणि घर रिकामं. हिशेब बारा महिन्यांचा मांडू नका, दहाचा मांडा. केंद्रीय विद्यालय किंवा आर्मी स्कूलची बस दारावरून जात असेल तर भाडेकरू लवकर मिळतो.

सांबऱ्याकडे घेत असाल आणि पुढं मजला चढवायचा बेत असेल, तर विमानतळामुळं उंचीची परवानगी लागते का ते आधी विचारा. नुसतं ‘मिळेल हो’वर जाऊ नका. आणि तिथंही हद्द!

पाणी मे महिन्यात बघा, ओल जुलैत. एकाच फेरीत दोन्ही कळत नाही.

ईसी (मालमत्तेवरच्या बोजाचा दाखला) आणि खरेदीखत कन्नडमध्ये असतं. स्वतः कन्नड वाचणारा वकील धरा, मुन्शीच्या तोंडी अर्थावर सही नको. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, त्यात बदलीचा हुकूम आला तर एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडायचं कलम. भाडेकरूच्या ओळखपत्राची प्रत, पोलिसात नोंद. हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) मीटर नावावर, मागची थकबाकी बघून. रंग शेवटी, तोही साधा पांढरा.