गीक्सच्या कॉन्फिगमधून मोनाड हाकलला

घरच्या लॅपटॉपवर गीक्स सिस्टम आहे, म्हणजे अख्खी सिस्टम एका कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवायची लिनक्स. बॅकअपची स्क्रिप्ट एटीसी (/etc, सिस्टमच्या सेटिंग्जच्या) फोल्डरमध्ये टाकायची होती. कुठल्याशा जुन्या नमुन्यातून 'टेक्स्ट-फाइल' उचललं, त्या फोल्डरमध्ये फाइली ठेवणाऱ्या एटीसी-सर्व्हिसला जोडलं आणि रीकॉन्फिगर मारलं, म्हणजे नवं कॉन्फिग सिस्टमला लागू केलं. लगेच एरर: जी-एक्स्प्रेशनला (काय बांधायचं ते सांगणाऱ्या गीक्सच्या कोडला) दिलेला इनपुट अवैध. आणि तिथे फाइलच्या जागी चक्क 'प्रोसिजर' (म्हणजे फंक्शन) छापून आलेलं!

रात्रीचा दीड वाजला तेव्हा ट्यूब पेटली. 'टेक्स्ट-फाइल' फाइल देतच नाही, ते स्टोअर मोनाडमधलं मूल्य देतं. स्टोअर म्हणजे गीक्स बांधलेल्या सगळ्या गोष्टी ठेवतं तो साठा, आणि हे मूल्य म्हणजे स्टोअरशी जोडणी मिळाल्यावर चालवायचं फंक्शन. त्यातून खरी फाइल काढायला ते एम-लेट या रचनेने एका नावाला जोडून घ्यावं लागतं. सर्व्हिसला मात्र हवी असते नुसती वस्तू: 'अशी अशी फाइल असावी' एवढं वर्णन. प्रत्यक्ष फाइल तयार करायचं काम गीक्स नंतर करतं. २०१५ च्या आधी गीक्समधल्या सर्व्हिसेसही मोनाडिकच होत्या, त्यामुळे जुनी उदाहरणं हमखास चकवतात.

आधी 'प्लेन-फाइल' लावलं. एरर गेली, पण त्यात नुसता मजकूर बसतो आणि मला आरसिंकचा (फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामचा) स्टोअरमधला पत्ता हवा होता. शेवटी 'मिक्स्ड-टेक्स्ट-फाइल': मजकुराच्या तुकड्यांमध्येच आरसिंक पॅकेज ठेवलं, पत्ता आपोआप भरला गेला.

एम-लेटच्या सहा ओळी लिहायच्या वाचल्या. आता आधी 'गीक्स सिस्टम बिल्ड' (लागू न करता नुसतं बांधून बघणं), मगच रीकॉन्फिगर.