घरात बंदुकीसाठी पेटी घेताय किंवा बनवून घेताय? या चुका टाळा

चार वर्षांपूर्वी श्रावणात बंदुकीची पेटी उघडली आणि बाबांच्या बारा बोअरची नळी बोटाला खरखरीत लागली. उजेडात नेऊन बघितलं तर रेक्झिनच्या कव्हरला जिथे जिथे नळी टेकलेली होती तिथे तपकिरी ठिपके, आणि आतला फोम दाबला तर ओलसर. पेटी नवीन होती, "फायरप्रूफ" म्हणून पैसे मोजून करून घेतलेली, आणि त्याच पेटीने बंदूक खराब केली. तेव्हापासून या विषयात मी बरंच डोकं घातलंय, गावात ज्यांच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे त्यांच्या घरच्या पेट्याही बघितल्यात, आणि चुका जवळपास सगळीकडे त्याच दिसतात म्हणून लिहितोय. आमचं गाव सिंधुदुर्गात आहे, भिंती चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या), वर कौलं, चार महिने धो धो पाऊस, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो, कारण ती जीवावर बेतू शकते. बंदूक आणि दारूगोळा एकाच घट्ट पेटीत ठेवणं. आपल्याला वाटतं जेवढी जाड पेटी तेवढं सगळं सेफ. बंदुकीपुरतं हे खरं आहे, दारूसाठी नेमकं उलटं आहे. काडतुसातली बिनधुराची दारू साधारण १६०-१७० अंश सेल्सिअसला आपोआप पेटते. सुटं काडतूस आगीत फुटलं तर त्याचं कवच फाटतं, तुकडे उडतात, पण नळीचा आधार नसल्यामुळे छर्रे बंदुकीतून सुटतात तशा जोरात जात नाहीत. तेच काडतूस भरलेल्या बंदुकीत असेल तर मात्र पूर्ण ताकदीने बार होतो आणि समोर आग विझवायला आलेला शेजारी असू शकतो. म्हणून भरलेली बंदूक पेटीत ठेवायची नाही, एक रात्रसुद्धा नाही.

आणि ठासणीची बंदूक असेल तर जास्तच सांभाळा. तिची काळी दारू ठिणगीने पेटते, आणि जाड लोखंडी डब्यात झाकण आवळून ठेवली की पेटल्यावर वायूला जायला वाट नसते, म्हणजे आपण घरात बॉम्बच करून ठेवला. दारू तिच्या मूळ डब्यातच राहू दे आणि तो डबा इंचभर जाड फळ्यांच्या लाकडी पेटीत, कुलूप लावून, चुलीपासून, गॅसपासून, इन्व्हर्टरपासून लांब. लाकूड उष्णता हळू आत जाऊ देतं आणि आतून दाब आला तर सांधे सुटतात, तेच आपल्याला हवं असतं. केपा (बार पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) त्या पेटीत नकोत, वेगळ्या. काडतुसांनाही वेगळी कुलूपबंद पेटी, पण हवाबंद तिजोरी नको. घरात साठा कमीत कमी ठेवा, परवान्यावर जेवढी काडतुसं लिहिलीत तेवढी सगळी घरात असलीच पाहिजेत असं काही नाही.

आता बंदुकीच्या पेटीकडे येऊ. बरेच जण घरातलं लोखंडी कपाटच वापरतात, लॉकरचा कप्पा आहेच की म्हणून. त्या कपाटाचा पत्रा एक मिलीमीटरच्या आसपास असतो, पहारीने दार वाकवायला किती वेळ लागेल ते स्वतःच ठरवा. आगीत तर पत्र्याचा शून्य उपयोग, लोखंड उष्णता सरळ आत नेतं. दारावर "फायरप्रूफ" असा स्टिकर असला तरी दुकानदाराला दोन प्रश्न विचारा, किती तापमानाला आणि किती वेळ? एक तासाच्या मान्यताप्राप्त टेस्टमध्ये भट्टी ९२५ अंशांपर्यंत जाते, आणि कागदपत्रांसाठीच्या तिजोरीत तोपर्यंत आतलं तापमान १७७ अंशांच्या वर जाता कामा नये असा नियम असतो. काही कंपन्या मात्र ६५० अंशांवर अर्धा तास स्वतःच तपासून "फायर टेस्टेड" लिहितात, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तालुक्याहून बंब यायला किती वेळ लागतो ते आपल्याला माहितीय, आमच्याकडे तर वाडीपर्यंत रस्ताच अरुंद आहे, त्यामुळे अर्ध्या तासाच्या पेटीवर मी भरवसा ठेवणार नाही.

आणि तो १७७ चा आकडा दुनळीवाल्यांनी लक्षात ठेवा. दुनळी बंदुकीच्या दोन नळ्यांमधली पट्टी बऱ्याचदा कथील-शिशाच्या डाकाने जोडलेली असते आणि तो डाक १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो. म्हणजे टेस्टमध्ये पास झालेल्या पेटीतही नळ्या सुटायच्या सहा अंश अलीकडे आपण असतो! म्हणून पेटी घराच्या सगळ्यात कमी जळणाऱ्या कोपऱ्यात ठेवणं हे पेटीच्या जाडीइतकंच महत्त्वाचं आहे.

फॅब्रिकेटरकडून बनवून घेताना होणाऱ्या चुका वेगळ्या. माझी पेटी ज्याने केली त्याने दोन पत्र्यांच्या मध्ये जिप्सम बोर्ड भरला होता, ते चुकीचं नव्हतंच. जिप्सममध्ये पाणी बांधलेलं असतं, शुद्ध जिप्समच्या शंभर किलोत जवळपास २१ किलो, आणि शंभर अंशांच्या पुढे ते वाफ होऊन निघायला लागतं, जोवर ते पूर्ण निघत नाही तोवर आतली बाजू फार तापत नाही. पण त्याने दाराला एकच पातळ बोर्ड लावला, वर आरपार लोखंडी स्क्रू मारले. प्रत्येक स्क्रू म्हणजे बाहेरची उष्णता आत नेणारा खिळा. दाराच्या फटीला काहीच नव्हतं, बोटाचं नख आत जाईल एवढी फट. आग तिथूनच आत येते, धूरही. फटीला उष्णतेने फुगणारी पट्टी मिळते, ती लावून घ्या, आणि दाराला भिंतीपेक्षा जास्त थर द्या. १५ मिलीमीटरचा फायर बोर्ड (आग रोखणारा जिप्सम बोर्ड) घ्या, सहसा गुलाबी असतो, दोन थर द्या आणि पहिल्या थराचे सांधे दुसऱ्या थराने झाकले जातील असे बसवा. काही जण पोकळीत पीओपी ओततात, चालतं, घट्ट झाल्यावर तेही जिप्समच असतं, पण तडे जातात आणि सुकायला आठवडे लागतात. न सुकवता दार लावलं तर आत वाफाऱ्यासारखा दमटपणा. थर्माकोल किंवा पीयू फोम मात्र कुणी कितीही सांगितलं तरी भरू नका, तो स्वतःच जळतो आणि विषारी धूर सोडतो. जुना ॲस्बेस्टॉसचा पत्रा कापून तर नकोच नको, त्याची धूळ फुफ्फुसात जाते.

बाबांच्या बंदुकीला गंज का आला ते इथे कळेल. जिप्सम दमटपणा धरतो, चिऱ्याची भिंत पावसाळाभर पाझरते, पेटी भिंतीला चिकटवून ठेवलेली, आणि बंदूक फोमच्या कव्हरमध्ये. फोम आणि चामडं ओल धरून ठेवतात, त्यामुळे कव्हर फक्त नेण्या-आणण्यासाठी, ठेवताना बंदूक उघडीच ठेवा, पातळ तेलाचा हात फिरवून, नळीचं तोंड खाली करून, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. भिंत आणि पेटीत चार बोटं अंतर सोडा, खाली रबराचे पाय द्या. घामट हाताने लोखंड धरलंत तर लगेच पुसा, घामातलं मीठ गंजाला निमंत्रण देतं.

मिठावरून आठवलं, आमच्याकडे मिठाची पुरचुंडी पेटीत ठेवायची जुनी पद्धत आहे, ओल शोषते म्हणून. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ पाणी सोडतं, आणि कोकणात जुलैमध्ये तो त्याच्या खाली येतोय कुठे? ते खारट पाणी थेट लोखंडावर. डांबरगोळ्या आणि कापूर ओल शोषतच नाहीत, आणि कापूर तर जळणारी वस्तू, आग रोखणाऱ्या पेटीत तो कशाला? सिलिका जेल घ्या, चांगलं अर्धा किलो, सोबत दमटपणा मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर ठेवा, आकडा ५० टक्क्यांच्या आसपास राहिला पाहिजे. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर सुकवून परत वापरता येतं, पण निळ्या रंगात कोबाल्ट असतं, ते खाण्याच्या भांड्यात आणि जेवणाच्या ओव्हनमध्ये सुकवू नका. केशरी मिळालं तर ते घ्या. पेटीत गरम करणारी विजेची दांडी लावायची असेल तर वायरसाठी कंपनीने दिलेलंच भोक वापरा, नवीन पाडलंत तर आग त्या भोकातून आत जाईल.

बसवण्याबद्दल थोडं. साठ-सत्तर किलोची पेटी दोघे उचलून नेतात, त्यामुळे बोल्ट हवेच, पण चिऱ्यात साधा अँकर फास्टनर आवळला की चिरा भुगा होतो, बोल्ट हाताने फिरायला लागतो. हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकमध्येही तेच. खालच्या काँक्रीटमध्ये बोल्ट घ्या, किमान चार, आतून आवळलेले. आधी काँक्रीटची जाडी बघा, जुन्या घरात लादीखाली नुसता मुरूमच निघतो, तिथे तेवढ्या जागेवर नवीन काँक्रीट ओतून मग केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) करा. माळ्यावर पेटी ठेवू नका. कौलारू घरात आग वाशांना आणि रिपांना लागते, माळ्यावर गवत, सोलं, शेणी असतात, छप्पर बसलं की पेटी वरून खाली निखाऱ्यात पडते आणि दाराचा सांधा उघडतो.

पेटीची उंची चार फुटांचीच हवी असं काही नाही. एकनळी बारा बोअर मोडून ठेवता येते, नळी अडीच फुटांच्या आसपास, दस्ता वेगळा, पुढचं लाकूड वेगळं. तेवढ्याच पैशात छोटी पण जाड पेटी येते, आणि मोडलेली बंदूक चुकून मुलाच्या हाती लागली तरी ती लगेच चालत नाही.

चावी. देवघरातल्या डब्यात, गादीखाली, कपाटावर, घरातल्या पोरांना सगळं माहिती असतं. माझा मुलगा सात वर्षांचा असताना त्याने मला सरळ सांगितलं होतं, "बाबा, चावी घड्याळामागे आहे ना?" मी कधी दाखवली नव्हती. त्या दिवशी नंबरचं कुलूप घेतलं. डिजिटल असेल तर फॅक्टरीचा नंबर आधी बदला, पावसाळ्याच्या आधी अल्कलाइन बॅटरी नवीन घाला आणि इमर्जन्सीची चावी पेटीच्या आतच ठेवू नका, हे झालेलं मी बघितलंय. बोटाच्या ठशाचं कुलूप शेतीकाम करणाऱ्यांना जमत नाही, कोयता आणि मातीने बोटांच्या रेषा झिजतात, ओल्या हाताने तर वाचतच नाही. नंबर परवानाधारकाशिवाय कुणाला सांगू नका. हत्यार सुरक्षित ठेवायची जबाबदारी त्याच्यावरच असते, आणि चोरी झाली तर ताबडतोब पोलीस ठाण्यात कळवावं लागतं. तेव्हा बंदुकीचा नंबर आणि परवान्याचा यूआयएन (ओळख क्रमांक) तोंडपाठ नसतो, म्हणून दोन्ही फोनमध्ये आणि घराबाहेर एका ठिकाणी लिहून ठेवा. परवान्याचं पुस्तक त्या पेटीत ठेवायला हरकत नाही, पेन ड्राइव्ह मात्र नको, ५० अंशांच्या थोडं वर गेलं तरी अशा वस्तू बिघडू शकतात.

निवडणुकीत बंदूक जमा करून परत आणली की ती तशीच पेटीत सरकवणं हीसुद्धा नेहमीची चूक. महिनाभर कुठे, कशी ठेवली होती आपल्याला माहिती नसतं. नळीतून सुकं फडकं काढा, तेल लावा, मग ठेवा. काडतुसाच्या पितळेवर हिरवट थर आला असेल किंवा कवच फुगलं असेल तर ते काडतूस बाजूला काढा, बंदुकीत घालू नका.

आणि खरंच आग लागली तर, विझल्यावर पेटी लगेच उघडायची घाई नको. बाहेरून कोमट वाटली तरी आत निखारा असू शकतो, दार उघडताच हवा मिळून भडका उडतो. पूर्ण थंड होऊ द्या, एक दिवस जाऊ दे. जिप्सममधून निघालेली वाफ आत लोखंडावर बसलेली असते, त्यामुळे उघडल्यावर त्याच तासाभरात पुसून तेल लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज दिसेल. दिसायला ठीक असली तरी त्या बंदुकीतून बार काढू नका. उष्णतेने स्प्रिंगचं पाणी (कडकपणा) उतरू शकतं, नळी मऊ पडू शकते, पट्टीचा डाक सुटलेला असू शकतो. दुनळीच्या नळ्या दस्त्यापासून सुट्या करून दोरीला टांगा आणि हलकेच वाजवून बघा, घणघणीत वाजली तर ठीक, खुळखुळ किंवा बद्द आवाज आला तर पट्टी सुटलीय असं समजा, आणि आवाज कसाही आला तरी बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे नेऊन नळी तपासून घ्या.