संदेष्ट्यांची पुस्तकं वाचायचीत? आमोसपासून सुरू करा

बरेच जण बायबलमधले संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, वाचायचे ठरवून थेट यशया उघडतात, 66 अध्याय, आणि मधेच सोडून देतात. त्यापेक्षा आमोस घ्या, 9च अध्याय आहेत आणि माणूस रानातला, तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराची झाडं राखणारा. पहिल्याच वचनात काळ सांगितलाय, भूकंपाच्या दोन वर्षं आधी, आपल्याकडं लातूर-धाराशिवात किल्लारीच्या 1993 च्या भूकंपावरून लोक अजून वय सांगतात ना, तसंच.

आधी बायबलमधल्याच ‘2 राजे’ या पुस्तकाच्या 14व्या अध्यायातला इस्राएलच्या राजाचा, दुसऱ्या यराबामाचा भाग वाचून घ्या, कारण कोण कुणाला बोलायलंय हे कळल्याशिवाय पुढचं काहीच लागत नाही. राज्य जोरात होतं, पैसा होता, आणि गरीब माणूस पायतणाच्या जोडापायी विकला जायचा (आमोस 2:6, म्हणजे अध्याय 2, वचन 6). मग 4:7 मोठ्यानं वाचा: कापणीला तीन महिने असताना पाऊस बंद, एका रानात पडला, दुसरं वाळून गेलं. मराठवाड्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आठव्या अध्यायात माप लहान, तराजू खोटा, गव्हाच्या नावावर भुसा, मोंढ्यावर माल नेणाऱ्यानं तर वाचावंच.

पेन्सिल जवळ ठेवा, आरोप कुठं, शिक्षा कुठं, आशा कुठं ते बाजूला लिहा. आजच्या बातम्यांशी वचनं जुळवत बसू नका, मला ते अजिबात पटत नाही. इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूर साम्राज्यानं याच राज्याची राजधानी शोमरोन पाडली, आधी ते बघा. मग होशेय, साधारण त्याच काळातला. यशया त्यानंतर.