मुलाखत छापताना या चुका टाळा

‘पेपरवाले काहीही छापतात’ हे बहुतेक लोक ऐकून बोलतात. ज्याची मुलाखत छापून आली, तो मात्र अनुभवाने बोलतो, आणि भेटेल त्याला सांगतो.

सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे आपलं वाक्य त्याच्या तोंडी घालणं. बातमीदार विचारतो, “म्हणजे प्रशासनाने तुम्हाला वाऱ्यावर सोडलं, असंच ना?” समोरचा म्हणतो, “हो, तसंच म्हणा.” सकाळी मथळा येतो: ‘प्रशासनाने आम्हाला वाऱ्यावर सोडलं’. तो बिचारा नुसता ‘हो’ म्हणाला होता! असा प्रश्न तोंडून गेलाच, तर लगेच “नेमकं काय झालं ते सांगा ना” म्हणावं आणि गप्प बसावं. हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही.

दुसरी चूक डेस्कवर, म्हणजे बातमी संपादित होते तिथे, होते. “विम्याचे पैसे मिळाले, पण दुबार पेरणी उरकल्यावर,” असं शेतकरी म्हणतो. जागा कमी पडते आणि ‘पण’पासून पुढचं उडतं. वाक्य बसत नसेल तर अवतरणचिन्हं काढा आणि पूर्ण आशय आपल्या शब्दांत द्या.

भाषा ‘सुधारू’ही नका. वऱ्हाडी बोलणारी आजी ‘शासनाची अनास्था क्लेशदायक आहे’ असं म्हणत नाही, हे वाचकाला कळतं. अडखळणं, ‘म्हणजे… म्हणजे’ काढायला हरकत नाही. ही सूट कुठवर? मॅसन विरुद्ध ‘न्यूयॉर्कर’ नियतकालिक या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली म्हटलं की, शब्द बदलले एवढ्यावरून अवतरण खोटं ठरत नाही. पण अर्थामध्येच ठळक फरक पडला तर ठरू शकतं. बदनामीच्या दाव्यापुरती ही रेघ ठीक आहे. बातमीदाराने तिच्या बऱ्याच अलीकडे थांबावं.

रेकॉर्डिंग विचारून करा. ‘ऑफ द रेकॉर्ड’ काय, म्हणजे काय छापायचं नाही, ते बोलण्याआधी ठरवा, नंतर नाही.

शंका असेल तर फोन करून तेवढं वाक्य आणि आकडे वाचून दाखवा. अख्खी बातमी पाठवू नका. नेत्याचा पीए तिच्यावर लाल पेन घेऊनच बसतो.

तरी चूक झालीच, तर दुरुस्ती तातडीने आणि ठळकपणे छापावी, असं प्रेस कौन्सिलचे निकष सांगतात. आपल्याकडे ती आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी जाते. वेबसाइटवर तर वाक्य गुपचूप बदलतात, पण जुन्या मथळ्याचा स्क्रीनशॉट तोवर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतो. काय बदललं, ते तारखेसह बातमीच्या वरच लिहा, आणि ज्याचं वाक्य होतं त्याला स्वतः फोन करून कळवा.