गावच्या स्टेशनचा इतिहास कसा शोधायचा

स्टेशन मराठवाड्यातलं असेल तर आधी लाईन कोणाची होती ते ठरवा. मनमाड–औरंगाबाद–परभणी–नांदेड ही निजामाच्या रेल्वेची मीटरगेज, 1900 च्या सुमारास सुरू झालेली, रुळांतलं अंतर 1000 मिलिमीटर. कुर्डुवाडी–लातूर ही बार्शी लाईट रेल्वेची 762 मिलिमीटरची लाईन, लातूरला 1911 मध्ये पोचलेली. पहिलीची चौकशी आज नांदेड विभागाकडे, दुसरीची सोलापूरकडे.

मग जमीन. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून 1954-55 च्या खासरा पाहणी पत्रकाची (जमीन कोणाच्या ताब्यात होती याची शेतवार नोंद) नक्कल घ्या, भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा. रेल्वेखाली गेलेले गट दोन्हींवरून जुळवा. त्याआधीचे कागद बहुधा उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षगणनेत असतात. इसवी सन काढायला फसलीत 590 मिळवा. वर्ष पावसाळा सरल्यावर सुरू होतं, म्हणून जानेवारीपासूनच्या महिन्यांना 591. फसली 1317 म्हणजे 1907-08.

रुळावरच्या सालाने मात्र बरेच जण फसतात. रुळाच्या उभ्या बाजूवर कारखाना आणि साल उठावाने असतं, पण ते रूळ तयार झाल्याचं साल. दुसरीकडचे जुने रूळ सायडिंगला किंवा कुंपणाच्या खांबाला वापरत. त्यावरून एवढंच कळतं की तो खांब त्या सालाआधीचा नाही. पाहणीसाठी रुळांजवळ जाण्याआधी स्टेशन मास्तरांची परवानगी घ्याच.

खरा खजिना माणसांकडे आहे: निवृत्त गँगमन (रुळांची देखभाल करणारे), पॉइंट्समन (सांधे बदलणारे), हमाल, कापसाचे अडते. ‘साल कोणतं?’ असं विचारू नका. ‘पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर? बहात्तरच्या दुष्काळात माल उतरायचा का? किल्लारीच्या भूकंपावेळी लाईन मोठी झाली होती का?’ असं विचारा. 1948, 1972, 1993 ही साल आपोआप पक्की होतात. वाफेच्या इंजिनात पाणी कुठे भरायचे, हे हमखास विचारा. हौद किंवा विहिरीची जागा कळली की जुन्या यार्डाची आखणी उलगडते. प्रत्येकाशी वेगळं बोला. पारावर चौघांत विचारलं तर मोठ्या आवाजाचं साल सगळ्यांचं होतं.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. त्यात ‘स्टेशनचा इतिहास द्या’ लिहू नका. प्रवासी वाहतूक, मालवाहतूक आणि ब्रॉडगेज यांच्या तारखा वेगवेगळ्या मागा, कारण त्या बहुधा एक नसतात.

जुनी इमारत पाडायला काढली असेल तर हे सगळं थांबवून आधी तिथे जा. भिंतीची जाडी, खिडक्यांची मापं, फलाटाची लांबी टेपने घ्या. प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसू द्या.