नाच येतो, आता उपचार शिकायचाय: डान्स मूव्हमेंट थेरपीत नव्याने येणाऱ्या मुलींसाठी

डान्स मूव्हमेंट थेरपी म्हणजे ग्रुपमध्ये किंवा एकेकीसोबत हालचालीतून आणि नाचातून मनाला आधार देण्याचं काम. कथक किंवा भरतनाट्यम वर्षानुवर्षं शिकून या कामाकडे वळणाऱ्या मुलींची पहिली अडचण असते त्यांचा स्वतःचा चांगला नाच. समोरच्या बाईचा हात वाकडा पडला की त्यांचा हात आपोआप तो सरळ करायला पुढे जातो. ही सवय सुटायला वेळ लागतो, आणि ती सुटल्याशिवाय पुढचं काही जमत नाही. इथे चूक हालचाल असा प्रकारच नाही. मारियन चेस या नर्तकीने 1942 मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात काम सुरू केलं. समोरचा माणूस ज्या लयीत हलतो आहे ती लय आधी आपल्या अंगात घ्यायची, मग तिथून हळूहळू संवाद वाढवायचा, ही तिची पद्धत. तिला मिररिंग म्हणतात. नक्कल आणि मिररिंग यांतला फरक कळायला मला पुस्तकांपेक्षा ग्रुपमधल्या बायकांनीच जास्त मदत केली. नक्कल केलेली त्यांना लगेच कळते, आणि त्या थांबतात.

आपल्याकडे हे काम रुजवणाऱ्यांत त्रिपुरा कश्यप यांचं नाव आधी घ्यावं लागतं. तस्करी आणि हिंसेतून सुटलेल्या मुलींसोबत नृत्यातून काम करणारी कोलकाता संवेद ही संस्था सोहिनी चक्रवर्ती यांनी 2004 मध्ये उभी केली. या संस्थेने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर डिप्लोमाही चालवला. प्रवेशाचे नियम आणि फी बदलत राहतात, म्हणून ती माहिती थेट संस्थेकडूनच घ्या. कोर्स कुठलाही निवडा, तिथे प्रत्यक्ष ग्रुपबरोबरचं काम किती आणि सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टची देखरेख, कोण करणार हे मात्र आधी विचारा. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र हातात घेऊन कुणी आघात सोसलेल्या बायकांसमोर उभं राहू नये, असं मला अगदी कळकळीने सांगायचं आहे.

आता परंपरेबद्दल. आपल्या बायकांचे खेळ हे या कामातलं फार मोठं धन आहे. फुगडी घ्या. हातांची अढी घालायची, पाय जवळ, पाठ मागे झोकायची. दोघींनीही आपलं वजन समोरचीच्या हाती दिल्याशिवाय फुगडी फिरत नाही. विश्वास या विषयावर तासभर बोलून जे होत नाही ते इथे दोन गिरक्यांत अंगाला कळतं. झिम्म्यात टाळ्यांची लय एकमेकींना धरून ठेवते. गोव्यात पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पवित्र जागी, धालो हा बायकांचा नाचगाण्यांचा सोहळा होतो तेव्हा बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहतात आणि गात पुढे-मागे होतात. जात्यावर बसलेल्या बाईचा खांदा फिरायला लागला की ओवी येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. म्हाताऱ्या बायकांच्या ग्रुपमध्ये मी आधी नुसता दळण्याचा हात करायला सांगते. शब्द नंतर येतात, सासर-माहेराचं सगळं घेऊन येतात, आणि मग मला फारसं काही करावं लागत नाही.

पण हे खेळ जसेच्या तसे उचलू नका. मंगळागौर नव्या सवाष्णींची. ग्रुपमध्ये एखादी विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली बाई असली तर "चला, मंगळागौरीचे खेळ खेळू" हे वाक्यच तिला भिंतीकडे ढकलतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो 2022 मध्ये, इतकं हे दुखणं ताजं आहे. म्हणून मी सणाचं नाव घेत नाही, हळदीकुंकू ठेवत नाही, फक्त खेळ घेते. कोणता खेळ कोणाच्या गावात कसा खेळतात हे बायकांनाच विचारते. कुणी पिंगा घालते, कुणी भुलाबाईची गाणी म्हणते, कुणी लग्नातला नाच दाखवते. मोठ्या वाड्यातल्या ओटीवर जिला कधी बोलावलंच गेलं नाही, तिच्या वस्तीतला नाच ग्रुपच्या मध्यभागी आला की तिची मान कशी वर होते ते बघा.

शरीराचीही चौकशी आधी करा. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली होती. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले, आणि त्यांच्यापैकी फार थोड्यांची आधी कधी तशी तपासणी झाली होती. 1989 चा हा अभ्यास मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. अंग बाहेर येण्याचा, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याचा, त्रास असलेली बाई लाजेने बोलत नाही आणि तुम्ही तिला उकिडवं बसून खेळायचा कोंबडा घालायला लावता, असं होऊ शकतं. गरोदरपण, फिट्स, रक्तदाब, पाळीचा त्रास हे सगळं एकेकीला बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारायचं. गिरकी घेताना येणारी चक्कर एकीला माहेरची आठवण देते, दुसरीला मार खाऊन पडल्याची. स्पर्शाचंही तेच. पहिल्या काही सेशनमध्ये मी हात धरायला लावत नाही. दोघींच्या मध्ये ओढणी देते, एक टोक हिच्याकडे, एक तिच्याकडे. सोडायचं असेल तेव्हा सोडता येतं, आणि ते सोडणं हीच बऱ्याच जणींसाठी त्या दिवसाची सगळ्यात मोठी हालचाल असते.

अंगात येण्याबद्दल मला नेहमी विचारलं जातं. लय वाढली, घुमायला लागलं की कधीतरी कुणाच्या तरी अंगात येतं. काही गावांत धालोच्या शेवटी बायकांच्या अंगात रंभा येते, तिथे तो गावाचा विधी आहे आणि सांभाळायला जाणत्या बायका असतात. आपल्या सेशनमध्ये तसं कुणी नसतं. तिच्या पाया पडू नका, तिला खोटीही ठरवू नका. वाजवणं हळूहळू उतरवा, नावाने हाक मारा, पाय जमिनीवर टेकवा, पाणी द्या, तिच्या ओळखीच्या बाईला शेजारी बसवा. वारंवार होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक तिच्या घरच्यांकडेही असू द्या. आणि आपल्यात काही शक्ती आहे असं भासवून धाक घालणाऱ्यांना महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो हे विसरू नका. पूर्वजांचं ज्ञान सांगून कुणाची औषधं बंद करणारी माणसं या क्षेत्रात आहेत. त्यांच्या व्यासपीठावर जाऊ नका, मानधन कितीही असो.

पैशाचं खरं सांगते. सुरुवातीला फक्त यावर घर चालत नाही. विशेष मुलांच्या शाळा, निवारागृहं, संस्थांचे प्रकल्प असं जोडत जावं लागतं, आणि बहुतेक मुली नृत्याचे वर्ग सोडत नाहीत. सोडूही नयेत. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या यादीत मूव्हमेंट थेरपिस्ट हा व्यवसाय नोंदला गेला आहे. म्हणून पुढे नोंदणीसाठी किंवा कामासाठी अर्ज करावा लागला तर हाताशी असावं यासाठी आतापासूनच कामाच्या तासांची नोंद, सुपरव्हायझरची सही आणि संस्थांची पत्रं जपून ठेवा. ग्रुपमधल्या बायकांचे व्हिडिओ मात्र अर्जाला जोडू नका, त्यांनी हो म्हटलं तरी. निवारागृहातली बाई तुम्हाला नाही म्हणू शकेल अशा जागी बहुतेक वेळा नसते.