वेताळाच्या अंकांची पेटी

मामांनी दिलेले इंद्रजाल कॉमिक्सचे, वेताळाच्या (फँटमच्या) चित्रकथांचे मराठी अंक मी परभणीच्या घरात, पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवले होते. मे महिन्यात पेटी भट्टीसारखी तापायची. पानं पिवळी पडली, कडांचा भुगा व्हायला लागला. स्वस्त कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, तो ऊन-उष्णतेनं पिवळा पडतो. म्हणून अंक खालच्या गार, अंधाऱ्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा.

प्रत्येक अंक पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा. पीव्हीसी प्लास्टिक नकोच. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर कधीच लावू नका. त्याचा तपकिरी डाग जात नाही, माझा वेताळ त्यानंच विद्रूप झाला. गंजलेली पिन उपटू नका, आधी तिचे पाय हळूच सरळ करा. कडुनिंबाचा ओला पाला पेटीत टाकू नका, तो ओल धरतो. पावसाळ्यात दर पंधरवड्याला कसर लागली का बघा, कोरड्या हातांनी.